भोंग्याचे कान

कोंबडीवालीनं मक्याच्या पिठाचा डबा गिरणीच्या उंबऱ्यात आदळला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"भरड सांगितली होती मी, भरड! कोंबड्यांना घालायची. आणि हे काय केलंय बघा. नुसती पावडर! सकाळपासून माझ्या कोंबड्या शिंकताहेत."

गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला नाही. पट्टा चालू असला काय नि बंद असला काय, त्याला सारखंच. त्यानं तिच्या तोंडाकडे लक्षपूर्वक बघितलं.

"इतकं बारीक कुणी मागितलं होतं?" ती ओरडली.

"तारीख?" गिरणीवाला म्हणाला. "आज अकरा."

कोंबडीवालीनं डबा तिथंच ठेवला आणि मागच्या दारानं थेट त्याच्या बायकोकडे गेली. काय बोलायचं ते तिथं पोटभर बोलली. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, आपल्या घरातला मका तिला मोजून दिला आणि शहरात दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीला फोन लावला. म्हणाली, "आता कोंबड्यांपर्यंत गेलंय. तू ये."

गावात त्याला भोंगा म्हणत. चाळीस वर्षं गिरणीच्या घरघरीत उभा राहून त्याचे कान गेले होते, आणि कान गेले तसा आवाज वाढला होता. त्याला पोट साफ होत नाही हे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला माहीत होतं. बायकोशी गुपचूप बोलायला तो घराचं दार लावून घ्यायचा आणि मग आत ओरडायचा. त्याला स्वतःला मात्र कसलाच त्रास नव्हता. लोक हल्ली पुटपुटतात, एवढंच त्याचं म्हणणं.

लेक आली. बापाला गाडीत घालून कान तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, शिट्ट्या ऐकवल्या आणि मग तोंडासमोर पुठ्ठा धरून एकेक शब्द म्हणाल्या. त्यानं तो ऐकू येईल तसा म्हणायचा.

"हात," बाई म्हणाल्या.

"भात."

"पाणी."

"काही नाही म्हणालात."

"थोडं," बाई म्हणाल्या.

"चोर," भोंगा म्हणाला.

बाईंनी कागदावर फुली मारली. कोपऱ्यात बसलेली लेक मात्र एकदम ताठ झाली. बापाकडे बघत राहिली. तिच्या घरात अकरा वर्षं ह्या दोन शब्दांवरून एक चूल दुसऱ्या चुलीशी बोलत नव्हती.

झालं होतं असं. भोंग्याचा थोरला भाऊ अकरा वर्षांपूर्वी दळण न्यायला आला होता. गिरणीत पाचसहा बायका डबे घेऊन बसलेल्या. त्यांच्यादेखत तो काहीतरी म्हणाला आणि भोंग्याला ऐकू आलं, 'दळणचोर'. गिरणीवाल्याला दुसरं काहीही म्हणा, हे म्हणू नये. भोंग्यानं भावाचं पोतं उचलून रस्त्यावर ठेवलं. तेव्हापासून थोरला दोन कोसांवरच्या गिरणीत दळण नेत होता. बायकांनी, शेजाऱ्यांनी, खुद्द भोंग्याच्या बायकोनं परोपरीनं समजावलं होतं. "अहो, ते 'दळण थोडं' म्हणाले असतील. तुम्हाला कुठं धड ऐकू येतंय?" भोंगा म्हणायचा, मला स्वच्छ ऐकू आलं. पण ज्याला 'बारीक'चं 'तारीख' ऐकू येतं, त्याच्या स्वच्छला कोण विचारतो?

परतीच्या वाटेवर लेकीनं त्याला 'थोडं'चं 'चोर' कसं झालं ते कागदावर लिहून दाखवलं. भोंग्यानं कागद चारदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. गाडीला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती.

पंधरा दिवसांनी दोन कानांच्या दोन मशिनी आल्या. शेंगदाण्याएवढ्या. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी दोन तास घालायच्या, मग रोज थोडा वेळ वाढवायचा. आंघोळीला काढायच्या, झोपताना काढायच्या. पाणी लावायचं नाही. संध्याकाळी कोरड्या कापडानं पुसायच्या, छोट्या ब्रशनं मळ काढायचा, सेलचं दार उघडं ठेवून डबीत ठेवायच्या. "आणि गिरणीत अजिबात घालायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "तिथं कान झाकणारी टोपणं घाला. गिरणीनं जेवढं खाल्लंय तेवढं पुरे."

भोंग्यानं मशिनी घातल्या. पहिल्यांदा त्याला कुणाचातरी मोठा खरखरीत आवाज आला.

"कोण ओरडतंय?" त्यानं विचारलं, आणि तो आवाज आपलाच आहे हे कळल्यावर खुर्चीत जरा खाली सरकला.

घरी आल्यावर हाल सुरू झाले. दाराची बिजागरी किंचाळत होती. नळ ठिबकत होता. जेवताना दातांखाली कुणी खडी पसरतंय असं वाटे. पत्र्यावर चिमण्या उतरल्या तर हा मान खाली घालायचा. आणि बायको! बायको त्याच्याशी बोलली की जीव दचकायचा.

"ओरडतेस कशाला?"

"वीस वर्षांची सवय आहे," ती म्हणाली. "तुम्हाला दोन दिवसांत ऐकू यायला लागलं म्हणून माझा गळा दोन दिवसांत बसायचा नाही."

पण तिची खरी अडचण वेगळी होती. ती कामं करता करता बोलायची. भांडी घासताना, झाडताना, त्याच्या पाठीमागे, त्याच्या समोरही. चौथ्या दिवशी ती ताट उचलता उचलता म्हणाली, "गिळलं, आणि ताटात हात धुतला, नवाब."

"काय म्हणालीस?"

ताट तिच्या हातातच राहिलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"तुमचं ऐकणं बंद झालं तेव्हापासून," ती म्हणाली. तिला लपवायचं कारण दिसलं नाही.

भोंग्यानं जरा विचार केला. पुढच्या जेवणानंतर तो उठून मोरीपर्यंत गेला आणि तिथं हात धुतले. बायको त्या दिवशी भांडी घासताना गप्प होती. बोलायला काही सुचेना.

आठव्या दिवशी घात झाला. सकाळी गिऱ्हाईक दारात उभं होतं म्हणून भोंगा घाईत गिरणीत शिरला आणि मशिनी कानातच राहिल्या. पट्टा फिरायला लागला तसा डोक्यात दगड कोसळल्यासारखा आवाज झाला. तो तसाच बाहेर पळाला. गिऱ्हाइकाला वाटलं आग लागली, तेही पळालं. शेवटी मशिनी काढल्या तेव्हा त्या पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. पुन्हा घातल्या तर डावी बोलेना.

"मेली," भोंगा ओसरीवर बसून म्हणाला. त्याला आठ दिवसांपूर्वी ती नकोशी होती. आता त्याच्या तोंडावर घरातलं कुणी गेल्यासारखी कळा आली.

बायकोनं चष्मा लावला, उजेडात बसली आणि मशीन तळहातावर घेतली. भोंग्याची बोटं पोत्यांची तोंडं बांधणारी, त्यांना ते काम व्हायचं नाही. तिनं ब्रशनं पीठ झाडलं, सेल काढून पुसला, टोकाची चिमुकली जाळी काढून नवी बसवली. सुईत दोरा ओवताना धरते तसा श्वास धरला होता. मग तिनं स्वतःच ती त्याच्या कानात घातली.

"येतंय का ऐकू?" ती अगदी हळू म्हणाली.

"येतंय."

"मग जा ना एकदा तिकडे," ती तशीच हळू म्हणाली. "तो कागद किती दिवस खिशात ठेवणार?"

कुठं ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून, स्वच्छ सदरा घालून भोंगा थोरल्याच्या दारी गेला. थोरला अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता. भावजय दारातून पुढं आली. थोरल्यानं वर बघितलं आणि पुन्हा कणसात डोकं घातलं.

भोंगा समोर उकिडवा बसला. त्यानं कागद काढून पुढं ठेवला. "दादा, माझी चूक झाली. कान तपासून घेतले. 'थोडं' म्हटलं की मला 'चोर' ऐकू येतं. लेकीनं लिहून दिलंय. तू 'दळण थोडं' म्हणालास. मी उगाच अकरा वर्षं धरून बसलो."

"झालं तर मग," भावजय घाईनं म्हणाली. "मिटलं. बसा, मी चहा ठेवते."

थोरल्यानं कणीस खाली ठेवलं.

"मी चोर म्हणालो," तो म्हणाला.

भोंग्यानं उजवी मशीन जरा दाबून बसवली.

"चोर म्हणालो. दळणचोर. तू ऐकलंस ते बरोबर होतं."

"अहो, गप्प बसा की!" भावजय म्हणाली.

"अकरा वर्षं गप्पच बसलोय." थोरला भोंग्याकडे न बघता बोलत होता. "त्याच्या आदल्या खेपेला घरी पीठ मोजलं तर चार किलो कमी. माझं डोकं फिरलं. पुढच्या खेपेला येऊन तसं बोललो. घरी परत आलो तर हिनं आदल्या खेपेचं पोतं दाखवलं. खाली उंदरानं पाडलेलं भोक. तेव्हाच यायला हवं होतं. पण सगळं गाव म्हणायला लागलं, भोंग्यानं चुकीचं ऐकलं. मला आयतं मिळालं. मी म्हटलं, असू दे."

भोंग्यानं पुढ्यातला कागद उचलून परत खिशात घातला. चोर म्हटल्याचं दुःख जुनं होतं, ते बोथट झालं होतं. पण अकरा वर्षं बायको, लेक, शेजारी, सगळ्यांनी त्याला खोटं पाडलं होतं, आणि गेल्या महिन्यात तर तो स्वतःही त्यांना सामील झाला होता. आणि त्या दिवशी त्याच्या कानांनी बरोबर ऐकलं होतं!

त्यानं दोन्ही मशिनी काढल्या. सदऱ्याच्या टोकानं पुसल्या, सेलची दारं उघडली, डबीत ठेवून डबी बंद केली.

"काढल्यास कशाला?" थोरल्यानं विचारलं.

ते भोंग्याला ऐकू आलं नाही. तो उभा राहिला, छाती भरून घेतली आणि बोलायला लागला. नऊ दिवस घरात दाबून ठेवलेला आवाज होता तो. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. अकरा वर्षांत जे जे म्हणायचं राहिलं होतं ते सगळं त्यानं सालवार म्हटलं, आणि थोरल्यानं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मधे तो काही बोललाही असेल, पण त्याचा उपयोग नव्हता.

संपल्यावर भोंग्यानं घाम पुसला, बसला, डबी उघडली आणि दोन्ही मशिनी नीट कानात बसवल्या.

"हं. आता तू बोल."

"चुकलं माझं," थोरला खालच्या आवाजात म्हणाला.

"काय?"

"चुकलं म्हणतोय."

भोंग्यानं कानामागे हात धरला आणि पुढं वाकला. "जरा मोठ्यानं बोल, दादा."

थोरल्यानं दारादारांत उभ्या असलेल्या बायकांकडे एकदा बघितलं. मग डोळे मिटले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "चुकलं माझं!"

"असं," भोंगा म्हणाला, आणि भावजयीनं आणलेला चहा हातात घेतला. त्याला पहिल्याच वेळी अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं.