न विचारता घेतलेला चेहरा

मी कॅमेरा बोलतोय. आर्णीच्या बाजारओळीत, शिंप्याच्या दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत ज्याच्यासमोर बसून माणसं श्वास रोखून धरायची, तोच मी. लाकडाचं अंग, पितळेच्या कड्यात बसवलेली काच, चामड्याचा घड्याघड्यांचा भाता आणि तीन पाय. तोंडावर टोपण, पाठीवर काळं कापड.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. पोटात काळोख सांभाळून जगणाऱ्याचा दुसरा कसा असणार? भात्याला टाचणीएवढं भोक पडलं किंवा कुणी अवेळी झाकण उघडलं, की आतली फिल्म गेलीच म्हणून समजा. त्यामुळे खोलीत कुणीही पाऊल टाकलं की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा, हा कशाला आला असेल?

जन्म माझा कलकत्त्याचा. नागपूरच्या एका स्टुडिओत बरीच वर्षं काढली. १९५६ साली, आपला यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात, फोटोवाल्या पुंडलिकरावांनी मला जुना म्हणून विकत घेतलं आणि मोटारीच्या टपावर बांधून आर्णीला आणलं. पुंडलिकराव मोठे हौशी. माझ्यासमोर लावायला त्यांनी एक पडदा रंगवून घेतला होता. त्यावर तळं, कमळं आणि दोन हंस. रंगवणाऱ्याने हंस कधी पाहिलेच नव्हते, म्हणून त्याने मान लांब करून बदकं काढली. लोकांना तीही आवडत.

बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर कुटुंबंच्या कुटुंबं येत. कास्तकार खुर्चीवर, बायको बाजूला उभी, पोरं पुढे सतरंजीवर. पुंडलिकराव काळ्या कापडाखाली शिरत आणि माझ्या पाठीच्या दुधी काचेवर सगळं घर उलटं टांगलेलं बघत. मीही बघे. एक गोष्ट मला फार लवकर कळली. घरी ज्यांचं पटत नाही, ती जोडपी माझ्यासमोर खांद्याला खांदा लावून बसतात. ज्यांचं पटतं, ती लाजून हातभर दूर सरकतात.

पुंडलिकरावांच्या पत्नी मैनाबाई फोटो घमेल्यात धूत आणि दोरीवर वाळत घालत. संशयाच्या बाबतीत त्या माझ्या सख्ख्या बहीण शोभल्या असत्या. ओल्या फोटोकडे बघून त्या सांगत, "या बाईले नवरा मारत असन पाह्य." बरेचदा खरं निघे, म्हणून त्यांचा स्वतःवर फार विश्वास.

१९५८ सालच्या कापूस वेचणीच्या दिवसांत खेमसिंग आणि जमनी आले. दोघं जवळच्या बंजारा तांड्यावरचे. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. जमनी आरशांचा घागरा घालून, कानांवर चांदीची घुगरी लोंबवून ताठ उभी. बाहेर काचेच्या कपाटात लावलेले जोडप्यांचे फोटो तिने बाजारात येता-जाता पाहिले होते, आणि तेव्हापासून तिने हट्ट धरला होता. खेमसिंग मात्र दारातच घुटमळला. त्याने पडद्यामागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे फोटो कोणाकोणाले दाखवता तुमी?" त्याने विचारलं.

"ज्याचा त्याले. या, बसा."

तो बसला. पुंडलिकरावांनी टोपण काढलं आणि त्याच क्षणी खेमसिंगने मान हलवली. फिल्म धुतली तर जमनीचा आरसान् आरसा स्पष्ट, आणि शेजारी चेहऱ्याच्या जागी धुरासारखा डाग. पुढच्या बाजाराला पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच! पुंडलिकराव कपाळाला हात लावून बसले.

मैनाबाई म्हणाल्या, "तो हालला नाई, त्यानं हालवली. तोंड लपवाचं हाय त्याले. कुठीतरी पहिली बायको असन."

मलाही तसंच वाटलं. टोपण निघण्याची वेळ तो डोळ्यात तेल घालून बघत होता, हे मी समोरून पाहिलं होतं.

मैनाबाई मनात ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्याच. अंगणात पाणी प्यायला आलेल्या जमनीला त्यांनी हळूच सांगितलं, "सांभाळून राह्यजो वं बाई. तुह्या नवऱ्याच्या पोटात काहीतरी हाय." जमनीने लोटा तसाच खाली ठेवला.

तिसऱ्या वेळी पुंडलिकरावांनी डाव केला. आत फिल्म घातली, सगळी तयारी केली आणि म्हणाले, "थांबा, काच पुसतो. तोवर बसा आरामात." त्यांनी पुसायच्या निमित्ताने टोपण काढलं. खेमसिंग सैल झाला. जमनीने त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला कळलं नाही, पण तिच्या आवाजात धार होती. तो तिच्याकडे वळला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला, अगदी स्थिर. तेवढं मला पुरलं.

असा फोटो पुंडलिकरावांनी आजवर काढला नव्हता. त्या काळी फोटोतला नवरा बायकोकडे बघतच नसे, समोर बघे. दोघं फोटो न्यायला यायच्या आतच त्यांनी तो मोठा करून बाहेरच्या काचेच्या कपाटात लावून टाकला. कौतुकाच्या भरात विचारायचं सुचलंच नाही.

पुढच्या बाजाराला शिंप्याचं दुकान आणि आमची खोली यांच्यामधला पडदा बाजूला होता, त्यामुळे मला रस्त्यापर्यंत दिसत होतं. कपाटापुढे एक हवालदार उभा होता आणि वाकून तोच फोटो बघत होता. पलीकडून खेमसिंग आणि जमनी येत होते. खेमसिंगने आधी हवालदार पाहिला, मग काचेतला स्वतःचा चेहरा. हातातली पिशवी तिथंच टाकून तो गर्दीत शिरला, आणि पुन्हा दिसला नाही.

"पाह्यलं?" मैनाबाई म्हणाल्या. "पळाला!"

हवालदार आत आला आणि बायकोला फोटो काढायला कधी घेऊन येऊ, एवढंच विचारून गेला. पण ते ऐकायला खेमसिंग कुठे होता?

आठवडा उलटला तरी तो तांड्यावर आला नाही. मग पुसदकडून जमनीचा बाप डोंगरसिंग आला. पोरीला घेऊन जायच्या तयारीने. आधी खरं काय ते विचारायला तो थेट आमच्या खोलीत आला. मागे जमनी, आणि तिच्या मागे खेमसिंगची आई रुपीबाई, काठी टेकत.

"तुह्या बायकोनं काय पाह्यलं, ते माह्यासमोर सांग," डोंगरसिंग पुंडलिकरावांना म्हणाला. "दुसरी बायको हाय का त्याले?"

मैनाबाई पुढे झाल्या. "पाह्यलं काई नाई. पण साफ माणूस तोंड कायले लपवन?"

रुपीबाईंनी काठी भिंतीला लावली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या काचेकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं, तसं त्याआधी कुणी बघितलं नव्हतं.

"असाच डबा होता," त्या म्हणाल्या. "इंग्रजाच्या राज्यात माह्या मालकाले ठाण्यात नेलं. छातीशी पाटी धरून बसवलं आन् फोटो काढला. चोरी केलती का? नाई. तांड्यावरचा जवान माणूस, हाच गुन्हा. मंग कुठंई कोणाचा बैल हरपला, का तोच फोटो बाहेर काढत आन् त्याले उचलून नेत. माणूस म्हातारा झाला, फोटो जवानच राह्यला. आखरीच्या बारीले नेला, तो घरी आलाच नाई. म्याच पोराले सांगतलं, डब्यापुढं तोंड एका जागी ठेवू नोको."

बाहेर शिंप्याचं मशीन थांबलं होतं.

"मंग बसलाच कायले?" डोंगरसिंगने विचारलं.

"म्या हट्ट केलता, बापू," जमनी म्हणाली. मग सासूकडे वळली. "याडी, त्यानं मले काहून नाई सांगतलं? म्या त्याले त्या दिवशी इथंच विचारलं, तुही आणखी बायको हाय का. तो नुसता पाह्यत राह्यला."

"सांगतलं असतं तं ठाण्यात फोटो असलेल्याच्या घरात तुह्या बापानं पोरगी देल्ली असती का, का आता राहू देल्ली असती?"

डोंगरसिंग खाली बसला. त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला.

मैनाबाईंनी बाहेर जाऊन कपाटातला फोटो काढून आणला, आणि पेटीतली त्याची फिल्मही. पुंडलिकराव चुळबुळले. "फिल्म म्या कोणाले देत नाई. फोटोवाल्याचं धन असते ते."

"आमी मागून नाई राह्यलो," जमनी म्हणाली. "चेहरा आमचा हाय."

पुंडलिकरावांनी मान खाली घातली आणि फिल्म स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळून तिला दिली.

पुढचं मी पाहिलं नाही. होळी झाल्यावर रुपीबाई बाजाराला आल्या, तेव्हा मैनाबाईंपाशी बसून त्यांनी सांगितलं. मारेगावकडे खेमसिंगचा मामा होता, तो तिथं लपला होता. सासू-सून दोघी गेल्या. त्याने फिल्म उन्हात धरून बघितली. काळा चेहरा, पांढरे केस. "हे एकच हाय?" त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. हवालदार बायकोच्या फोटोसाठी आला होता, हे त्याला पटेचना. जमनी त्याच्यावर मनसोक्त चिडली, रडली. फिल्म त्याने स्वतः चुलीत घातली. फोटोकडे हात नेला, तेव्हा मात्र तिने तो पाठीमागे लपवला.

"हा माहा हाय. यात तू माह्याकडं पाहून राह्यला."

होळीला लेंगी गाणी गायला तो तांड्यावर परतला. पण आमच्या ओळीतून तो कधी चालला नाही. बाजाराला आला तरी मागच्या गल्लीने वळसा घालून जाई. त्याचा संशय गेला नाही, आणि त्याने तो का सोडावा, हे मला अजून सांगता येत नाही.

पुंडलिकराव बदलले. टोपण काढायच्या आधी ते मोठ्याने म्हणत, "आता घेऊन राह्यलो बरं का! घेऊ ना?" लोक हसत. हवालदाराची बायको तर एवढी हसली की तिचा फोटोही हसराच आला. मैनाबाई वाळत घातलेल्या फोटोंकडे बघत, पण मोठ्याने काही बोलत नसत.

आता साठचं दशक सरत आलंय. यवतमाळहून पोरं गळ्यात लहान कॅमेरे अडकवून येतात. माझा भाता तडकलाय, पोटात उजेड शिरतो. पुंडलिकरावांना नीट दिसत नाही. परवा एक मोड-भंगार घेणारा माझं पितळ ठोकून बघून गेला. तो पुन्हा येईल, असा माझा संशय आहे.

जायच्या आधी तुमच्याकडे एकच मागणं. माणसाचा चेहरा घ्यायचा असेल तर आधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर टोपण लावून टाका आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. कदाचित तो का ते सांगेल. नाहीच सांगितलं, तरी त्याला निवांत जाऊ द्या.