मी दार आहे, भिंत नाही

मी एक दार आहे. हसू नका मित्रांनो, मला हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बघणाऱ्याला ते कळत नाही. एका मोठ्या, नव्याकोऱ्या घराच्या दिवाणखान्यात माझा मुक्काम आहे. माझ्यामागे तळमजल्याचं संडास-बाथरूम आहे. पण मला ना मूठ, ना कडी, ना चौकट! भिंतभर लाकडाची बारा उभी पॅनेलं, सगळी सारखी, त्यांतलं सातवं मी. दाबलं की उघडतं. म्हणजे कुठलं दाबायचं ते ठाऊक असेल तर!

माझा जन्म सुतारकाकांच्या हातचा. त्यांनी मला रंधा मारून, घासून गुळगुळीत केलं आणि मूठ बसवायला गिरमिट उचललं, तोच आर्किटेक्टबाई ओरडल्या, "थांबा! मूठबीठ काही नको."

"अहो बाई, दार आहे ते. माणसाला दिसायला नको का?"

"दिसलंच नाही पाहिजे, काका. तीच तर खरी मजा आहे."

"तुमची मजा तुम्हाला लखलाभ," असं पुटपुटत काकांनी गिरमिट पिशवीत टाकलं.

त्या घरात सगळ्यांचाच लपंडाव. दिव्यांची बटणं कपाटात, कपाटं भिंतीत, आणि फ्रीज कुठे आहे हे फ्रीजलाच माहीत. दोन मजल्यांइतकं उंच छत, बागेच्या बाजूला नुसती काच. पाहुणे यायचे, "वा! वा!" करायचे, आणि अर्ध्या तासाने चुळबुळत मालकीणबाईंना विचारायचे, "ते... जरा... कुठे आहे हो?" मग त्या जादूगारासारखं मला दाबून उघडायच्या, आणि टाळ्या पडायच्या. संडासाच्या दाराला टाळ्या! मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

पुढे मालकांचे वडील राहायला आले. पस्तीस वर्षं पोस्टमन होते ते. अर्धवट पत्त्यांची पत्रंसुद्धा त्यांनी बरोबर ज्याच्या त्याच्या दारात पोचवलेली. आता नजर अधू झाली होती, आणि मुलाच्या घरात त्यांना एक दार सापडेना. पहिलं पॅनेल दाबलं, तर चपलांचं कपाट. चौथं दाबलं, तर विजेचा मीटर. माझा जीव नुसता तुटायचा. पण दाराला तोंड कुठे?

शेवटी आजोबांनी आपल्या धंद्यातली युक्ती काढली. माझ्यावर, डोळ्यांच्या उंचीला, एक मोठं लाल टपाल तिकीट चिकटवलं. चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी, घराचे फोटो छापायला एका मासिकाचे फोटोवाले पुढच्या महिन्यात येणार असं ठरलं आणि मालकीणबाईंची नजर तिकिटावर पडली. "कुणी चिकटवलं हे घाणेरडं?" म्हणत त्यांनी ते नखाने खरवडून काढलं. सोफ्यावर बसलेले आजोबा चष्मा पुसत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. चहा नको, सरबत नको. मुलगा विचारायचा, "बाबा, बरं आहे ना?" तर म्हणायचे, "मजेत आहे." डोंबल मजेत! एका दुपारी सोफ्यावरून उठताना भोवळ येऊन ते खाली कोसळले. डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणीच नाही यांच्या. असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील." पण सुनेसमोर संडासाचा विषय कसा काढायचा? "मी बहिणीकडे राहायला जातो," एवढंच म्हणाले.

मुलगा चिडला. "एवढं घर बांधलं बाबा, काय कमी आहे तुम्हाला इथे?"

आजोबांनी कागद-पेन घेतलं. जे तोंडाने सांगवत नाही ते माणूस पत्रात लिहितो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. काठी टेकत ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी मुलाच्या नावाने पत्र आलं. त्याने ते माझ्यासमोर उभं राहूनच बायकोला वाचून दाखवलं.

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझं घर फार सुंदर आहे, पण संडासाचं दार मला सापडत नाही. भलतंच काहीतरी उघडलं की लाज वाटते, म्हणून पाणी पीत नाही. तिकीट मीच लावलं होतं, सूनबाईंनी राग मानू नये. उत्तराची वाट पाहतो."

मालकांनी लगेच सुतारकाकांना फोन लावला. मालकीणबाईंना रडू आवरेना. "एका शब्दाने विचारलं नाही हो मी त्यांना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारकाका हजर. मला वीतभर लांबीची पितळी मूठ बसली, भोवती लाल रंगाचा जाड पट्टा आला. तेवढ्यात फोटोवाल्यांना घेऊन आर्किटेक्टबाई आल्या आणि किंचाळल्याच. "अहो, सगळ्या भिंतीची वाट लावलीत! काय आहे हे?"

"माझ्या वडिलांच्या पत्राचं उत्तर," मालक म्हणाले.

मित्रांनो, मला अजून वैताग येतो तो एकाच गोष्टीचा. एवढ्याशा शहाणपणासाठी एका भल्या माणसाला कोसळावं लागलं. तुम्हीही उद्या घरं बांधाल. हौसेने सजवा, कोण नाही म्हणतंय? पण घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला तिथे एकट्याने हिंडू द्या, आणि कुठे अडतंय ते विचारा. "काही नाही" असंच उत्तर येईल. तेव्हा पुन्हा विचारा.