भिंतीवरचे तारे

मुलं वाचनालयात रमत नाहीत ही तक्रार माझीच होती आणि तिच्यावरचा उपायही मीच सुचवला. त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

आमची शाळा चौथीपर्यंतची. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, पाच लोखंडी कपाटं, दोन बुटकी टेबलं आणि मी. आठवड्यातून एक तास प्रत्येक वर्ग यायचा. मुलं चित्रं बघायची, एकमेकांना कोपरखळ्या मारायची आणि घंटेकडे कान लावून बसायची. अपवाद एकच, तिसरीतली मुंगी. हे नाव तिच्या वर्गानंच ठेवलेलं. ओळीखाली बोट धरून ती इतकी सावकाश वाचायची की एका पानात निम्मा तास सरायचा. समुद्रातल्या प्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक तिनं तीन आठवडे सोडलं नव्हतं.

"बाई, देवमासा झोपला तर बुडत नाही का?" तिनं एकदा विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. दोघींनी मिळून शोधलं. झोपेतही त्याचा अर्धा मेंदू जागा असावा असं कळल्यावर ती म्हणाली, "आमचे बाबापण तसेच. टीव्ही बंद केला की लगेच म्हणतात, बघतोय मी!"

पुढे एका प्रशिक्षणात मला ते ॲप दिसलं. पुस्तक वाचायचं, मग टॅबवर त्यावरचे पाच प्रश्न सोडवायचे. बरोबर उत्तराला एक तारा. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाचं नाव, तारे आणि खाली वर्गाची बेरीज. मी दोन महिने मुख्याध्यापिकांच्या मागे हात धुऊन लागले. दहा टॅब आले, पडदा आला, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मधल्या सुट्टीत डबे अर्धवट टाकून मुलं रांग लावायची.

"आज बासष्ट पुस्तकं गेली!" मी घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"हळू बोल," हे म्हणाले, "शेजाऱ्यांना वाटेल लॉटरी लागली."

महिनाभरात मुंगीचं नाव पडद्यावर सगळ्यात खाली गेलं. शेजारी दोन तारे. तिसरीचा वर्ग दुसरीच्याही मागे पडला. वर्गाची मॉनिटर फणकाऱ्यानं तिला म्हणाली, "तुझ्यामुळे हरतोय आपण. सोड ना ते मासे आता." मी मॉनिटरला दटावलं. पण मी दिवसातून एकदा दटावणार, पडदा दिवसभर चालू.

दुसऱ्या दिवशी मुंगीनं ते पुस्तक अर्ध्यावरच परत केलं. मग तिचे तारे वाढू लागले. दोन दिवसांत अकरा पुस्तकं! मला केवढा आनंद झाला. वाचनाचा वेग वाढला म्हणून मी तिची पाठ थोपटली, मुख्याध्यापिकांनाही कौतुकानं सांगून आले. नंतर सहज म्हणून विचारलं, "शेवटी त्या म्हातारीचं काय झालं गं?"

"कुठल्या म्हातारीचं?"

तिनं नुकत्याच परत केलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर म्हातारी होती.

तिनं न लाजता वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. पुस्तकांची नावं आणि प्रत्येकापुढे आकडे. दोन, चार, एक, एक, तीन. बरोबर पर्यायांची यादी. ती यादी शाळाभर सगळ्यांनी उतरवून घेतली होती, चौथीपासून पहिलीपर्यंत.

"वाचत बसलं की वेळ जातो, बाई," ती मला समजावत म्हणाली.

मी तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. "मॅडम, तो पडदा बंद करू या. मुलं वाचतच नाहीयेत."

"आधी तरी कुठे वाचत होती?"

त्या काही वाईट नव्हत्या. तीन शाळांचे शिक्षक आमचं वाचनालय बघायला येणार होते. ते येऊन जाऊ द्या, मग महिनाभर बंद ठेवून बघा, म्हणाल्या.

पाहुणे आले, फोटो काढून गेले. मी पडदा बंद केला.

पहिल्या दिवशी मुलं आली, काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली. "बिघडलाय का?" "कधी चालू होणार?" शुक्रवारपर्यंत मधल्या सुट्टीत चिटपाखरूही फिरकेना. तासाला वर्ग यायचे ते यावंच लागतं म्हणून. मी गोष्टी वाचून दाखवल्या, वाघाचे, कोल्ह्याचे आवाज काढले, घसा बसला. मुलं शहाण्यासारखी माना डोलवायची. पूर्वी निदान दंगा तरी करायची.

तिसरीच्या तासाला मी ते समुद्राचं पुस्तक मुंगीच्या हातात ठेवलं. "कुठपर्यंत आली होतीस?"

तिनं पान शोधलं. बरोबर शोधलं. ओळीखाली बोटही ठेवलं. मग तिनं मान वर केली.

"ह्याचे प्रश्न येणार आहेत?"

"नाही गं. असंच वाच. तुला आवडायचं ना?"

तिनं थोडा विचार केला. माझं मन राखायचं होतं तिला, ते दिसत होतं. "मग राहू दे, बाई," ती म्हणाली आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं.

त्या संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, लहान आहेत, होईल..." आणि माझ्याकडे बघून थांबले. मग उठून त्यांनी स्वतःच चहा टाकला.

महिना संपला तेव्हा मुख्याध्यापिका मधल्या सुट्टीत येऊन गेल्या. रिकामी टेबलं बघितली. 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असंही म्हणाल्या नाहीत. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"सोमवारपासून चालू करा," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी बटण मीच दाबलं. नावं एकेक करून उजळली. बाहेर कुणीतरी ओरडलं, "चालू झालं रे!" आणि दारात झुंबड उडाली. मी त्यांना रांगेत उभं केलं आणि टॅब वाटायला घेतले. मुंगी चौथी होती. तिनं टॅब घेतला, "थँक्यू बाई" म्हणाली आणि बाजूला झाली. मी पाचव्या मुलाचा टॅब उचलला.