बर्फाखालची गंगा

१९८३ साली बहारीनच्या राजधानीत, मनामातल्या एका सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. व्यासपीठावरच्या पितळी परातीत हातभर उंच बर्फाचा हिमालय होता. जटेश्वर महाराजांनी त्याच्या पायथ्याशी त्रिशूळ टोचला आणि डोंगराच्या पोटातून पाणी उसळून बाहेर आलं. लोकांनी बाटल्या पुढे केल्या.

"व्हिसा अडलाय त्यांनी एक घोट, शुगरवाल्यांनी दोन," महाराज समजावत होते. "आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. गंगेला थंडी बाधते."

मीना सलमान बंदरावरच्या बर्फ कारखान्यातले इंजिनियर सदानंद मान खाली घालून बसले होते. बर्फ त्यांनीच पाठवला होता. तिथल्या मराठी मंडळाच्या सहलीत महाराजांना आइसलंडची हकिकतही त्यांनीच हौसेने ऐकवली होती: बर्फाच्या जाड थराखाली ज्वालामुखीची ऊब, तिच्यामुळे तळाशी साठणारं तळं, कडेच्या बर्फाने कोंडून धरलेलं, कड सुटली की खालच्या खोऱ्यात महापूर. पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी युक्ती ओळखली होती. लोकांची करमणूक होते, एवढं म्हणून ते गप्प राहिले होते.

शेजारी त्यांचा ड्रायव्हर गणपत बाटली धरून बसला होता. परवापासून त्याने इन्शुलिन सोडलं होतं. ओठ कोरडे पडले होते, धाप लागत होती.

"सायेब, तुमी तरी सांगा ह्यांना," त्याची बायको मंगला म्हणाली.

"सायेब काय सांगतील? बर्फ त्यांच्याच फॅक्टरीतला," गणपत हसला. "खोटं असतं तर त्यांनी दिला असता?"

सदानंद उठून व्यासपीठावर गेले. "महाराज, परात जरा उचलतो."

"हात लावू नका, भाजेल," महाराज बोलून गेले.

"बर्फाची परात भाजते?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

सदानंदांनी मेजावरचं कापड वर केलं. परातीखाली मधोमध विजेची शेगडी होती. कडेभोवती मीठ घातलेला बर्फाचा चुरा. "मध्ये वितळतं, कड गोठलेली राहते. आत साठलेल्या पाण्याला त्रिशुळाने वाट मिळते. ही कल्पना यांना माझ्याकडूनच मिळाली." त्यांनी शेगडीची वायर ओढून काढली. "श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण जे पाणी औषध म्हणून पिता, ते येतं कुठून, एवढं विचारा. आणि डॉक्टरांचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका."

गणपत मंगलाचा हात धरून पुढे आला.

"हे तुमाला कधीपासून ठाऊक होतं, सायेब?"

"पहिल्या दिवसापासून."

गणपतने गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "मग आज तुमीच चालवा. हॉस्पिटलला."

सदानंदांनी त्याच्यासाठी मागचं दार उघडलं.