टेकडीवरचा वगळलेला लेखक

मारीवोन पाव घेऊन परत आली तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि तिच्या नवऱ्याचा, आबेलचा, कोट खुंटीवर होता. कोट आहे म्हणजे माणूस आहे, असं समजून तिने दोन हाका मारल्या. मग न्हाणीघरात पाहिलं, पलंगापलीकडे पाहिलं, आणि वेड्यासारखं कपाटही उघडून पाहिलं. माणूस नव्हता. टोपी नव्हती, छत्रीही नव्हती.

बाहेर जानेवारी होता. सकाळपासून पॅरिसवर करडं आभाळ दाबून बसलं होतं आणि गटारांच्या कडेचं पाणी गोठून काच झालं होतं. आबेलला अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी त्याच्या विसरण्याला नाव दिलं होतं. ते नाव मारीवोन कधी उच्चारत नसे. अलीकडे तो संध्याकाळ झाली की कावराबावरा व्हायचा. आणि आता संध्याकाळच होत आली होती.

तिने पोलिसांना फोन केला, वर्णन सांगितलं आणि तशीच खाली धावली. खाली इमारतीची राखणदार मादाम ताव्हारेस फरशी पुसत होती. पोर्तुगालहून येऊन या जिन्याखालच्या खोलीत तिची हयात गेलेली. तोंडाने फटकळ, पण जीव लावणारी.

"गेले की तुमचे साहेब," ती म्हणाली. "पाऊस नाही, काही नाही, छत्री उघडून डोक्यावर धरलेली. मी म्हटलं, मस्यू मोरिसे, कुणीकडं दौरा? तर मला म्हणतात, 'बाईंनो आणि गृहस्थहो, जवळजवळ राहा, कोणी मागे पडू नका.' मी एकटी उभी! मागं वळून पाहिलं, म्हटलं आणखी कोण आलंय."

"कोट न घालता गेला गं तो."

मादाम ताव्हारेसच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "मग उभ्या काय राहिलात? पळा!"

कुठे पळायचं ते आता मारीवोनला कळलं होतं. आबेल त्याच्या फेरीला निघाला होता. शाळेत साहित्य शिकवून पोट भरलं, पण त्याचा जीव होता तो रविवारच्या फेरीत. तीस वर्षं, दर रविवारी, उघडी छत्री उंच धरून तो पाच-पंधरा लोकांना जुन्या लेखकांच्या घरांवरून फिरवून आणायचा. कुठला लेखक कुठे जन्मला, कुठे उपाशी राहिला, कुणाच्या खिडकीखाली रडला, सगळं. वाट नेहमी एकच : टेकडीवरून सुरू करायची आणि उतरत उतरत नदीपाशी संपवायची. येणारे बहुतेक म्हातारे, त्यांना चढ नको. आणि फेरीचा एक कायदा होता, मागे वळायचं नाही.

मारीवोनने लेखकांची नावं कधी लक्षात ठेवली नव्हती. शनिवारी रात्री आबेल उजळणी करायचा, ही भांडी घासत ऐकायची आणि त्यांना आपल्या मनाने नावं द्यायची. पहिला खोकल्या, कारण तो क्षयाने गेला. दुसरा दोन बायकांचा. तिसरा नाकाड्या, त्याच्या पुतळ्याचं नाक पाहून. आणि शेवटचा बुडालेला. आबेल चिडायचा. "अगं, फ्रान्सच्या भाषेचे खांब आहेत हे!" ती म्हणायची, "खांब असोत नाहीतर वासे, एकालाही धड संसार जमला नाही."

आज तिला त्या चौघांशिवाय नकाशा नव्हता. आणि शेवटचं नाव होतं बुडालेला.

खोकल्याच्या घराखाली कोणी नव्हतं. दोन बायकांवाल्याच्या घरी आता कॅफे झालं होतं. मालक ग्लास पुसत दारात आला.

"छत्रीवाले ना? होते की. मी पाटी बाहेर मांडत होतो तर खेकसले माझ्यावर, 'बाजूला व्हा, लोकांना खिडकी दिसत नाहीये.' लोक कुठले? एक कुत्रं होतं."

"कधी?"

"झाला असेल बराच वेळ. खाली गेले, उताराने. मादाम, त्यांचे ओठ निळे दिसत होते. मी म्हटलं आत बसा, काहीतरी गरम घ्या, तर म्हणाले लोक खोळंबलेत."

मारीवोन पळायला लागली. सत्तरी ओलांडलेल्या बाईने गोठलेल्या दगडी उतारावर पळू नये, हे तिलाही माहीत होतं. दोनदा भिंत धरून ती सावरली. नाकाड्याच्या घराशी पोचेपर्यंत दिवे लागले होते. दारावर संगमरवरी पाटी होती, बंद खिडक्या होत्या, आणि दाराच्या खोबणीतही कोणी नव्हतं. उरला बुडालेला. नदीवरचा धक्का, खाली पाण्यापर्यंत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि त्यांवर बर्फ. तिने पाटीवर हात टेकला आणि तिला रडू फुटलं.

"मादाम! अहो मादाम! भिंतीला नाक लावून घर दिसतं का कधी? इकडे या!"

तिने वळून पाहिलं. समोरच्या फुटपाथवर, उघड्या छत्रीखाली, आबेल उभा होता. ती प्रत्येक घराच्या दाराशी त्याला शोधत आली होती. घर बघायचं तर समोरून बघायचं, हे तो तीस वर्षं सांगत होता, आणि तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

"आबेल!" ती रस्ता ओलांडून धावली. त्याचा हात धरला. हात लाकडासारखा गार होता. "अरे देवा, आबेल, चल घरी, चल आधी."

त्याने हात झटकून टाकला.

"हे काय चाललंय? आपण कोण?"

"मी... अरे मी."

"फेरीला यायचं असेल तर मागे उभ्या राहा. अंगचटीला यायचं काम नाही." त्याचा आवाज चढला होता, पण डोळ्यांत भीती होती. अनोळखी बाईने रस्त्यात हात धरल्यावर दिसावी तशी साधी, खरी भीती. "पुढे आलात तर मी ओरडेन. पोलिसांना बोलावेन."

तो दोन पावलं मागे सरकला. हात झटकताना तो रस्त्याकडे पाठ करून वळला होता; मागे फुटपाथची कड होती आणि तिच्यापलीकडून मोटारी येत होत्या. मारीवोन जागच्या जागी थांबली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिला अनेकदा भीती वाटली होती. तो दोनदा आजारी पडला तेव्हा, पहिलं बाळ गेलं तेव्हा. पण तेव्हा घाबरायला दोघं होती. आता तो तिलाच घाबरत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी फेरीलाच आले होते. उशीर झाला."

"हं." तो जरा निवळला. "उशिरा येणाऱ्यांना मागचं पुन्हा सांगत नाही. चला, शेवटचं ठिकाण राहिलंय. नदीवर."

ती त्याच्या मागून चालू लागली. तो बोलत होता आणि काय बोलत होता! बुडालेल्याचं सगळं आयुष्य, एकेका सालासकट, एकेका घरासकट. बायकोचं नाव विसरलेल्या माणसाला त्या मेलेल्याच्या धोबिणीचं नाव पाठ होतं. एरवी मारीवोनने डोक्याला हात लावला असता. आता तिचं लक्ष फक्त त्याच्या पायांकडे होतं. पायात घरातल्या सपाता होत्या.

तिने आपली शाल पुढे केली. "मस्यू, थंडी फार आहे."

"मी गिऱ्हाइकांच्या वस्तू वापरत नाही."

धक्का आला. कठड्याला एक फट होती आणि तिथून पायऱ्या खाली गेल्या होत्या. खाली सेन नदी काळीशार वाहत होती. दिव्याच्या उजेडात पायऱ्यांवरचा बर्फ चमकत होता.

"त्याचा शेवट पाहायचा तर खाली उतरावं लागतं," आबेल म्हणाला आणि त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

धरलं तर झटकेल. झटकलं तर घसरेल. ओरडावं तर दचकेल. मारीवोनच्या तोंडून जे निघालं त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"मस्यू, तुम्ही एकाला वगळलंत."

तो थांबला. "काय म्हणालात?"

"एक लेखक राहिला. वर टेकडीवर राहतो. तुमच्या फेरीत तो नाही, म्हणजे कमालच झाली."

"या भागातला एकही लेखक मला माहीत नाही असं होणार नाही, मादाम." पाय पायरीवरून वर आला. "कुठल्या गल्लीत?"

तिने गल्ली सांगितली. त्यांच्या घराची.

"तिथे कोणी नव्हतं."

"तिसऱ्या मजल्यावर. आँबेरच्या डोंगरातून आला होता, एकोणिसाव्या वर्षी. बाप कागदाच्या गिरणीत कामाला. अंगावर एकच कोट, तोही भावाचा." ती बोलत बोलत एकेक पाऊल मागे घेत होती आणि तो ऐकत ऐकत पुढे येत होता. "शाळेत शिकवायचा. पहाटे चारला उठून लिहायचा आणि दुपारी फाडून टाकायचा."

"छापलं काय काय?"

"काही नाही."

"मग लेखक कसला तो?" आबेल हसला आणि पुन्हा नदीकडे वळला.

मारीवोनचा पारा चढला. भीती होतीच, पण तिच्यावरून राग उसळला. "लेखकच होता! पाटी लागली म्हणजेच लेखक का? मी वाचलंय त्याचं. टोपलीतले तुकडे जुळवून जुळवून वाचलंय, तो झोपल्यावर. तुमच्या या बुडालेल्यापेक्षा बरं लिहायचा!"

हे तिने आबेलला कधी सांगितलं नव्हतं. तो मात्र ज्याच्याबद्दल ऐकत होता त्या माणसाला ओळखत नव्हता. त्याने छत्री खांद्यावर टाकली.

"तुम्ही फार हट्टी आहात, मादाम. दाखवा तर खरं. पण समोरून बघायचं."

चढाला लागले आणि तिची भीती दुप्पट झाली. त्याला धाप लागत होती. शब्द जड होत होते. एका घराच्या पायरीवर तो टेकायला लागला, तेव्हा ती त्याला हात न लावता पुढेच चालत राहिली. "मागे पडू नका, मस्यू! जवळजवळ राहा!" तो उठला.

"त्याला मरण कशाने आलं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"मेला नाही अजून."

"म्हणूनच! जिवंत माणसाची पाटी लावत नाहीत. पण कोणी सांगायला हवं होतं मला."

इमारतीच्या दारात मादाम ताव्हारेस हातात घोंगडी घेऊन उभी होती. "मस्यू मोरि..." ती म्हणाली आणि मारीवोनने ओठांवर बोट ठेवलं. त्या शहाण्या बाईने तोंड मिटलं, घोंगडी मारीवोनच्या हातात दिली आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं. मग ती पोलिसांना कळवायला गेली.

घरात शिरल्यावर आबेल शांत झाला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. घोंगडी घेतली, सपाता काढू दिल्या. मारीवोनने सूप ठेवलं. झाकण तिच्या हातून दोनदा पडलं. वाफाळती वाटी घेऊन ती आली तेव्हा तो भिंतीकडे, घड्याळाकडे, पडद्यांकडे बघत होता.

"हे माझं घर आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग तुम्ही इथे कशा?" तो उठू लागला. "मादाम, तुम्ही आता निघा. माझी बायको येईल. परक्या बाईने तिच्या स्वयंपाकघरात लुडबुड केलेली तिला खपणार नाही. जा तुम्ही."

"सूप तेवढं घ्या."

"ती आल्याशिवाय मी जेवत नाही!"

तो कापत होता, थंडीने की भीतीने कोण जाणे. मारीवोनने वाटी टेबलावर ठेवली, आपला कोट उचलला आणि दाराबाहेर पडली. दार तिच्या मागे लागलं.

जिन्यातला दिवा थोडा वेळ जळतो आणि आपोआप विझतो. तो विझला. अंधारात ती उभी राहिली. घंटी वाजवावी तर दार कोणासाठी उघडेल? आजच्या बाईसाठी उघडलं तर? आणि उद्या, आणि परवा? तिला तिथून खाली पळून जावंसं वाटलं. मग तिने केस सारखे केले, आणि रोज बाजारातून आल्यावर वाजवायची तशी, दोनदा घंटी वाजवली.

"कोण?"

"मी. मारीवोन."

आत पावलं वाजली. मग कडी सरकली. आबेल घोंगडी पांघरून उभा होता. त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"आलीस?" तो म्हणाला. "किती वेळ गं? मी काळजीत होतो."

त्याने तिच्या हातातला कोट घेऊन खुंटीला लावला.

"अगं, एक बाई आली होती फेरीला. एकटीच. मी तिला घालवून दिलं, आणि आता वाईट वाटतंय. फार घाबरलेली होती बिचारी. हात बर्फासारखे गार." त्याने जिन्यातल्या अंधारात डोकावून पाहिलं. "बाहेर एवढी थंडी. मी तिला घरापर्यंत सोडायला हवं होतं."

"सोडलंस की," मारीवोन म्हणाली आणि तिने दार आतून लावून घेतलं.