बुडबुडा स्थिरावेपर्यंत

१४ मार्च २००६. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. कारखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीशी नव्याने बसवलेल्या लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, बैठकीवर मला आडवे ठेवले आहे. मोजणी दोन वेळा व्हायची आहे. त्यातली पहिली चालू आहे. एका माणसाला त्याचे काम परत मिळणार की नाही, हे या मोजणीवर ठरायचे आहे. माझ्या पोटातला बुडबुडा अजून हलतो आहे, आणि तो थांबेपर्यंत कोणी बोलायचे नाही, असा इथला रिवाज आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. एखादा पृष्ठभाग सपाटीत आहे की कलला आहे, हे सांगणे माझे काम. बुडबुडा थांबायला लागणारा वेळ तुम्हाला क्षणभराचा वाटेल. मला मात्र तेवढ्यात माझे सारे आयुष्य दिसून जाते. जाड काचेतून पलीकडचे दिवे दिसावेत तसे, थोडे लांबट आणि थोडे वाकलेले.

माझे अंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहे. ओतकामाची एक लाल ऊब तेवढी आठवते. त्यानंतर आम्हा ओतीव तुकड्यांना उघड्या अंगणात कित्येक महिने नुसते पडू दिले होते. आत साचलेला ताण निघून गेल्याशिवाय बिडाला घासायचे नसते. घाई केली, तर ते पुढे आपोआप वाकते. ऊन आले, थंडी आली, आमच्यावर पाने पडली. आम्ही काहीच करत नव्हतो आणि तरीही तयार होत होतो. मग मला घासून सपाट केले आणि माझ्यात बारीक रेघा कोरलेली काचेची एक नळी बसवली. नळीत मद्यार्क भरला, कारण तो थंडीत गोठत नाही. तोंड ज्योतीवर वितळवून बंद करण्यापूर्वी कारागिराने आत थोडी जागा रिकामी सोडली. मित्रांनो, ती रिकामी जागा म्हणजेच मी. बाकी सारे वजन आहे.

मी ज्याच्या हाती आले, तो यंत्रे बसवणारा फिटर होता. उंच, किडकिडीत आणि भिंतीची सरळी पाहायच्या टांगत्या दोरीसारखा ताठ, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. तो मला कधीही उघड्या हाताने धरत नसे. तळहाताच्या उबेनेसुद्धा माझा बुडबुडा सरकतो, हे त्याला ठाऊक होते. तो मऊ कापडात धरूनच मला ठेवी. मग श्वास रोखून वाट पाही. एकदा वाचून झाले की मला उलट फिरवून, डावे टोक उजवीकडे करून, पुन्हा वाचत असे. दोन्ही वेळी बुडबुडा एकाच जागी थांबला, तरच त्या मोजणीवर भरवसा ठेवायचा, ही आमच्या कामाची पहिली शिस्त. त्याने बसवलेली यंत्रे चालू लागली की शेजारच्या टेबलावरच्या पेल्यातले पाणीही हलत नसे. फोरमन कमी बोलणारे, तेही म्हणत, “ओळंब्याने बसवलंय ना? मग मी बघायला कशाला येऊ?”

त्याचे पिणे नेमके कधी सुरू झाले, ते मला सांगता येणार नाही. कल असाच येतो, रेघेच्याही आतून. आधी मोठे काम संपल्यावर, मग कुठलेही काम संपल्यावर, मग काम सुरू होण्याआधी. सकाळी त्याला येताना पाहून सोबती ओरडत, “आज ओळंबा झुलतोय रे! बाहेर वारा सुटलाय वाटतं!” सर्वांत मोठ्याने तोच हसे.

माझी लाकडी पेटी होती. तिच्यात माझ्याच मापाने कोरलेले हिरव्या बनातीचे, जाड लोकरी कापडाचे अंथरूण होते. एके दिवशी त्याने मला त्यातून उचलले, चिंधीत गुंडाळून घराच्या माळ्यावर ठेवले आणि माझ्या जागी बाटली झोपवली. तीही काचेची होती आणि तिच्या पोटातही मद्यार्कच होता. फरक एवढाच की माझे तोंड कायमचे बंद होते. बायकोला वाटे, नवरा हत्यार घेऊन कामावर चालला आहे.

माळ्यावरून काढताना एकदा मी त्याच्या हातून निसटले आणि फरशीवर पडले. बाहेरून ओरखडाही दिसत नव्हता. आत मात्र नळी तिच्या जागेवरून किंचित सरकली होती.

त्याच दिवशी त्याने माझ्या भरवशावर एक लेथ बसवला.  पहिले वाचन झाले, आणि दुसऱ्या वाचनाची त्याला भीती वाटली. त्याने मला उलट फिरवलेच नाही. त्या लेथवर निघालेला प्रत्येक दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघाला.

“पाणसळ बिघडलीय, साहेब,” तो म्हणाला.

“उलटी करून बघितलीस?”

ओळंबा मला कापडात गुंडाळू लागला.

“पाणसळ बिघडतेच, ओळंब्या. म्हणून तर उलटी करून बघायची असते,” फोरमन म्हणाले. “हिला घरी घेऊन जा. सरळ झाली की आण. आणि येताना तूही सरळ ये. तोवर तुझी जागा मी कोणाला देत नाही.”

तो व्यसन सोडण्याच्या उपचारांसाठी रुग्णालयात राहिला. बायकोने पेटीतली बाटली मोरीत रिकामी केली आणि मला परत माझ्या अंथरुणात ठेवले. पण बनात बाटलीच्या गोलाईने दबली होती. मी तिच्यात डुगडुगत राहिले. पेटीतल्या अंधारात मला पुन्हा ते अंगण दिसू लागले. ऊन आले, थंडी आली, माझ्यावर पाने पडली. कुठेतरी दूर, एक माणूसही तसाच पडून आहे आणि त्याच्या आतला ताण हळूहळू निघून जातो आहे, असे मला वाटत असे.

तो परतला तेव्हा चेहरा भरला होता. पिणे पूर्ण थांबले होते.  त्याने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडले.

“अहो, हा ओटा तरी सरळ आहे का?” बायकोने विचारले.

“नसला तरी चालतो. खाली कागदाचा कपटा सरकवून बुडबुडा मध्यावर आणायचा. मग हिला उलट फिरवायचं. आता बुडबुडा जेवढा सरकेल, त्यातला निम्मा दोष हिचा आणि निम्मा ओट्याचा. हिचा निम्मा तेवढा हिच्या टोकाच्या स्क्रूने फेडायचा.”

“बरं झालं. निदान निम्मा तरी ओट्यावर गेला. इतके दिवस सगळाच माझ्या माथी होता.”

तो कसनुसा हसला. निम्माच फेडायचा, हे आत्ताच तोंडाने सांगूनही त्याने घाईने स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवला. बुडबुडा थेट दुसऱ्या टोकाला गेला.

घरातही त्याला तशीच घाई झाली होती. बायको रोज संध्याकाळी माझी पेटी उघडून बघत असे. एकदा तो भडकला. “अजून किती दिवस बघणार आहेस? सोडली म्हटलं ना!”

“सोडलीत, दिसतंय मला. पण बघितल्याशिवाय घास उतरत नाही, त्याला मी काय करू?”

त्याने पेटी उचलली आणि तो तरातरा बाहेर पडला. कोपऱ्यावर दारूच्या बाटल्यांचे दुकान होते. त्याच्या पिवळ्या दिव्याखाली त्याने पेटी उघडली. मला बाहेर काढायचे आणि ती जागा रिकामी करायची, एवढेच उरले होते. त्याने माझ्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच, कापड न घेता. ती ऊब लागताच माझा बुडबुडा हलला. त्याच्या नजरेने सवयीने त्याला पकडले आणि सवयीनेच त्याचा श्वास थांबला. त्याने हात काढून घेतला. पिवळा दिवा माझ्या काचेत उतरला होता आणि त्यातून बुडबुडा एखाद्या लहानशा चंद्रासारखा इकडून तिकडे तरंगत होता. ओळंबा बघत राहिला. बुडबुडा मंद झाला, मग थांबला. तेवढ्या वेळात त्याच्या छातीतले वादळही ओसरले होते. त्याने पेटी मिटली.

घरी येऊन तो म्हणाला, “दुकानापर्यंत गेलो होतो.”

बायकोचा चेहरा उतरला. “आणि?”

“बुडबुडा थांबेपर्यंत थांबलो. मग परत आलो.”

 ती म्हणाली, “मग रोज एवढंच करा. पेटी मी बघेन अजून काही दिवस. रागवायचं नाही.”

“बघ,” तो म्हणाला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो मला ओट्यावर मांडू लागला. फिरवायचे, फरक पाहायचा, निम्माच फेडायचा आणि थांबायचे. कधी तो चुके; पण चुकला म्हणून मला आपटत नसे आणि स्वतःलाही शिव्या घालत नसे. एका संध्याकाळी बायकोने पेटी उघडली, पण या वेळी तिच्या हातात कात्री आणि नवी बनात होती. बाटलीचा ठसा असलेले जुने अंथरूण तिने उपटून काढले. नव्यात मी अगदी घट्ट बसले.

मित्रांनो, हत्यार काय आणि माणूस काय, पडतो आणि आतून सरकतो. आम्हाला फेकून देऊ नका. दोन्ही बाजूंनी बघा, थोडे थोडे फिरवा, आणि बुडबुडा हलत असताना कुणाचाही निवाडा करू नका.

तर, पहिले वाचन झाले आहे. फोरमन ‘उलटी कर’ म्हणायला तोंड उघडतात, पण त्याआधीच ओळंब्याने कापडात धरून मला फिरवले आहे. सारे शांत. लहानसा चंद्र तरंगतो, मंद होतो, थांबतो. फोरमन वाकून बघतात, मग शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतात. “तुझा पेला तिथंच आहे. पाणी भर आणि लेथ सुरू कर.”

दोन वाचनांत चालणारा फरक एक रेघ. आलेला फरक अर्धी रेघ.