सहा तासांचा फळा

मित्रांनो, माझ्यापुढे रूळ नाहीत. गाडी माझ्यापाशी येते, जरा दम खाते आणि आल्या वाटेने परत फिरते. म्हणजे फिरायची. जपानच्या उत्तरेकडच्या डोंगरात, एका लहान लोहमार्गाच्या अगदी टोकाला असलेले मी एक जुने स्टेशन आहे. नाव ओकुनोसावा. नाव तेवढे भारदस्त; बाकी मी म्हणजे एक लाकडी खोली, एक रॉकेलची शेगडी, दोन बाकडी आणि भिंतीवरचा एक फळा.

मला बांधले तेव्हा माझा थाट काय वर्णावा. लाकडाचे ओंडके, कोळशाच्या गोण्या, शाळेला निघालेली पोरे, नुसती झुंबड असायची. पुढे जंगलतोड थांबली, माणसे शहरात गेली आणि दिवसाला तीन गाड्या उरल्या. पण त्याचे मला तितके वाटत नाही. माझ्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती त्या फळ्याची आहे.

तेव्हा खिशात फोन नव्हते. चुकामूक झाली की लोक फळ्यावर खडूने निरोप लिहीत. 'छत्री बाकड्याखाली ठेवली आहे.' 'वाट बघून पुढे गेलो.' शेजारी लिहिल्याची वेळ टाकायची. सहा तास झाले की निरोप पुसायचा, असा नियम होता.

आणि नियम म्हटला की आमचे स्टेशनमास्तर तेइझो कुरोसे. छपरापर्यंत बर्फ साचला तरी यांच्या कोटाचे गळ्यापर्यंतचे बटण लावलेले. गाडी सुटताना हातमोजा घातलेले बोट रोखून ते मोठ्याने म्हणत, "सिग्नल, ठीक. दारं, ठीक." फलाटावर चिटपाखरू नसले तरी म्हणत. शेजारी नूडल्सचे दुकान चालवणाऱ्या योनेबाईंना त्याचे भारी हसू यायचे.

"मास्तर, एकदा माझ्या पातेल्याकडेही बोट दाखवा. करपतंय का ते तरी कळेल."

"पातेलं माझ्या अखत्यारीत येत नाही, योनेबाई."

फळा पुसतानाही मास्तरांचा एक नेम होता. ते फक्त वेळ बघत, मजकुराकडे ढुंकूनही बघत नसत. म्हणायचे, "लोकांचा निरोप लोकांचा. आपण कशाला नाक खुपसायचं?" मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटायचा.

मास्तरांची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, सुझुए. एकोणिसाव्या वर्षी तिने शहरात जाऊन शिवणकाम शिकायचे ठरवले आणि बापलेकीत आठवडाभर अबोला झाला. "जायचं तर जा, मला विचारू नकोस," असे मास्तर रागाच्या भरात बोलून गेले होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते फलाटावरचा बर्फ लोटत असताना सुझुए आत आली. तिने खडू उचलला. 'बाबा, साडेचारच्या गाडीने निघते आहे. राहा म्हणालात तर राहीन.' पुढे वेळ टाकली, दहा. मग ती आईच्या थडग्याला नमस्कार करायला आणि मावशीचा निरोप घ्यायला गेली.

बरोबर चार वाजता मास्तर डस्टर घेऊन आले. दहा हा आकडा त्यांनी पाहिला, आणि सवयीने मान वळवून फळा पुसून टाकला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी गाव गोळा केले असते. वाऱ्याने माझ्या खिडक्या तेवढ्या खडखडल्या.

सव्वाचारला सुझुए आली. तिने कोरा फळा पाहिला. मग तिने तिकीट पुढे केले. मास्तरांना वाटले, पोरीने मनाशी ठरवलेच आहे. तिला वाटले, बाबांनी उत्तर दिलेच आहे. त्यांनी तिकिटाला भोक पाडले. दोघांमध्ये हातभरच अंतर होते. त्या दिवशी मास्तरांनी "सिग्नल, ठीक" तेवढे म्हटले; "दारं, ठीक" म्हणायचे राहूनच गेले.

त्यानंतर अडतीस वर्षे नववर्षाला तिचे कार्ड येत राहिले. 'मी बरी आहे.' मास्तरांचेही उलट जाई, 'मीही बरा आहे.' मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आले नाही, तरी ते रोज झाडू मारायला येत. दुपारच्या गाडीला मात्र हटकून घड्याळ तपासत उभे राहत.

"घड्याळ कालही बरोबरच होतं," योनेबाई म्हणायच्या. "एकदा 'ये' म्हणून लिहा की तिला."

"जा म्हणणारा मीच. आता कुठल्या तोंडानं बोलावू?"

मग हुकूम आला की मार्च संपताना हा मार्ग बंद होणार. योनेबाईंनी मास्तरांना न विचारता सुझुएला कार्ड टाकले.

शेवटच्या दिवशी दुपारच्या गाडीला फोटो काढणाऱ्यांची गर्दी उसळली. त्या गर्दीतून पिकल्या केसांची एक बाई उतरली आणि थेट फळ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आलीस?" मास्तर म्हणाले.

"इथं मी लिहिलं होतं, बाबा. राहा म्हणालात तर राहीन म्हणून. तुम्ही पुसून टाकलंत. मी समजले, जा म्हणताय."

मास्तर बाकड्यावर बसले. "मी वाचलंच नाही गं. वेळ बघितली. नुसती वेळ बघितली."

दारात उभ्या असलेल्या योनेबाईंनी आत डोकावणाऱ्या फोटोवाल्यांना बाहेर पिटाळले.

सुझुएने डोळे पुसले. "तुम्ही आणि तुमचे नियम," असे म्हणून तिने खडू घेतला. 'बाबा, उद्याच्या बसने निघते आहे. राहा म्हणालात तर राहीन.' वेळ, अडीच.

मास्तर उठले. कोटाचे बटण लावले. बोट रोखून त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचले. "निरोप, वाचला." मग हळूच म्हणाले, "राहा."

ती बारा दिवस राहिली. आता दर उन्हाळ्यात, पितरांच्या सणाला, बसने येते.

रुळांवर गवत माजले आहे. अडीच वाजले की अजूनही माझे कान खालच्या वळणाकडे लागतात. जुनी खोड आहे, जात नाही. माझे छप्पर दुरुस्त करा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, एवढेच करा, काहीही पुसण्याआधी ते एकदा वाचत जा. कुणी सांगावे, तो निरोप तुमच्यासाठीच असेल.

माझ्या फळ्यावर ती ओळ अजून आहे. सहा तास केव्हाच होऊन गेले. मास्तर रोज येतात, घड्याळ बघतात, आणि डस्टर खुंटीलाच राहू देतात.